उसने हात

२०१९ च्या १ ऑगस्टला फिग्माने आपल्या डिझाइन सॉफ्टवेअरचं दार बाहेरच्यांनी लिहिलेल्या प्लगिन्ससाठी उघडलं. त्याच महिन्यात कंपनीतले एक अभियंते, रुडी चेन यांनी या कामामागची तांत्रिक कहाणी लिहून प्रसिद्ध केली. वेबवर प्लगिनची व्यवस्था उभारायची आणि तरीही रात्री शांत झोपायचं, हे जमवायचं कसं, अशा अर्थाचं तिचं शीर्षक होतं. नव्या सोयीची घोषणा करताना सॉफ्टवेअर कंपन्या वेग, सर्जनशीलता, समुदाय वगैरे शब्दांची उधळण करतात. झोपेचा उल्लेख सहसा कुणी करत नाही. ज्याच्या घरात उद्यापासून अनोळखी माणसांची ये-जा सुरू होणार आहे, त्यालाच झोपेची आठवण येते.

ती झोप फार दिवस टिकली नाही, ते पुढे येईलच. आधी हे दार नेमकं कसलं, ते पाहू.

एखाद्या मोबाइल अ‍ॅपचे स्क्रीन आखणारी मुलगी दिवसभरात काय करते? एक बटण दाबून पन्नास चौकटींमध्ये नावं आणि फोटो भरते. दुसऱ्या बटणाने अक्षरांचा आणि पार्श्वभूमीचा कॉन्ट्रास्ट तपासते. तिसऱ्याने ‘फ्रेम ४३७’, ‘फ्रेम ४३८’ अशा शेकडो थरांना शहाणी नावं देते. यातली बरीच बटणं फिग्माने बनवलेली नसतात. कुणी विद्यार्थी, कुणी नोकरी सांभाळून रात्री कोड लिहिणारा, कुणी छोटी कंपनी, अशांची ती असतात. बटण दाबलं की त्या माणसाने लिहिलेला कोड तिच्या उघड्या फाईलमध्ये शिरतो आणि तिच्याच अधिकारात काम करू लागतो. तिला जे वाचता येतं ते त्याला वाचता येतं. तिला जे खोडता येतं ते त्यालाही खोडता येतं. प्लगिनला स्वतःचे हात नसतात, ते आपले उसने घेतं.

आणि फाईल तिच्या एकटीची नसते. त्याच वेळी त्याच फाईलमध्ये आणखी पाचसहा जणांचे रंगीत कर्सर फिरत असतात. कुणी पुण्यात, कुणी बंगळुरूत, क्लायंट आणखी तिसरीकडेच. फाईलमध्ये बाजारात न आलेलं अ‍ॅप असतं, गुप्ततेच्या करारावर सही करून दाखवलेलं. हात एकीचे, पणाला लागलेलं सगळ्यांचं. प्लगिनचा जुना इतिहास आणि आजची स्थिती यांतला सगळा फरक इथे आहे.

मोकळं घर

ऑटोकॅड १९८२ साली आलं. इमारती, पूल, यंत्रांचे भाग, पाइपांची जाळी असं सगळं त्यात आखलं जाऊ लागलं आणि ऑटोडेस्क कंपनीच्या लवकरच लक्षात आलं की प्रत्येक धंद्याची गरज वेगळी आहे. धरणाच्या अभियंत्याला हवं ते कारखान्यातल्या ड्राफ्ट्समनला नको असतं. म्हणून १९८६ मध्ये ऑटोलिस्प नावाची एक छोटी भाषा सॉफ्टवेअरच्या पोटातच बसवण्यात आली. ज्याला जे हवं ते त्याने लिहून घ्यावं. व्यवहाराच्या दृष्टीने ही फार हुशार चाल होती. हजारो लोकांनी आपापल्या कामाचे तुकडे लिहिले आणि ऑटोकॅड सोडणं त्यांना अवघड होऊन बसलं.

या व्यवस्थेत एक छोटीशी सोय होती. ठरावीक नावाची एखादी लिस्प फाईल आराखड्याच्याच फोल्डरमध्ये असेल, तर आराखडा उघडताना ती आपोआप चालायची. कुणाला विचारायचं नाही, काही दाबायचं नाही. ही सोय लक्षात ठेवा, पंचवीस वर्षांनी तिची किंमत मोजावी लागली.

१९८७ मध्ये मॅकवर क्वार्क एक्सप्रेस आणि हायपरकार्ड आली, दोन्हींना बाहेरून जोड देता यायची. पाठोपाठ सिलिकॉन बीच या कंपनीच्या डिजिटल डार्करूममध्ये तशीच व्यवस्था आली. १९९० च्या फेब्रुवारीत फोटोशॉपची पहिली आवृत्ती निघाली, ती प्लगिनची जागा ठेवूनच. काय क्राऊझे या कलंदर माणसाने १९९२ मध्ये आणलेल्या ‘कायज पॉवर टूल्स’ने तर एका पिढीला वेड लावलं. कागदाचा कोपरा वळलेला दिसावा असा त्यातला परिणाम नव्वदच्या दशकातल्या जाहिरातींमध्ये आणि पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर जगभर दिसायचा. आज तो पाहिला की हसू येतं. तेव्हा ती चैन होती.

सुरक्षिततेचं काय? त्या काळात हा प्रश्न फारसा कुणाला पडत नव्हता. फोटोशॉपचं प्लगिन फोटोशॉपच्याच स्मृतीत, त्याच्या शेजारी बसून चालायचं. मधे भिंत नाही, पडदाही नाही. प्लगिन कोलमडलं की फोटोशॉप कोलमडायचं, आणि त्या काळच्या मॅकमध्ये एका कार्यक्रमाची स्मृती दुसऱ्यापासून जपण्याची सोयच नसल्याने कधीकधी अख्खा संगणक पडद्यावर बॉम्बचं चित्र दाखवून बसायचा. न जतन केलेलं काम गेलं, डोकं धरून बसा, पुन्हा सुरू करा. पण नुकसान तिथेच थांबायचं. संगणक एकटा होता. प्लगिन दुकानातून खोक्यात विकत आणलेलं असायचं, खोक्यावर बनवणाऱ्याचं नाव आणि पत्ता असायचा. त्या काळचा भरवसा कोडावर फारसा नव्हता, तो खोक्यावर आणि दुकानदारावर होता.

आपल्याकडची गोष्ट यापेक्षा फार वेगळी नव्हती. मराठी छपाई संगणकावर आली तेव्हा पेजमेकरसारख्या सॉफ्टवेअरना देवनागरी येत नव्हती. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचं श्री-लिपी किंवा सी-डॅकचं आयएसएम सोबत बसवलं की मग कळफलकावर ‘क्ष’ उमटायचा. म्हणजे आपल्या डीटीपीची सुरुवातच बाहेरच्या जोडणीवर झाली. असं सॉफ्टवेअर कळफलक आणि पान यांच्या मधे बसतं, दाबलेली प्रत्येक कळ त्याच्या हातून जाते. लग्नपत्रिका असो की दिवाळी अंकातली कथा, मजकूर आधी त्याला दिसतो आणि मग पानाला. यात कुणाला वावगं वाटण्याचं कारण नव्हतं, कारण संगणकाला बाहेर जायची वाटच नव्हती. ऐकलेलं सांगायचं कुणाला? आज मोबाइलवर एखादा नवा कीबोर्ड घेताना, तुम्ही टाइप केलेलं सगळं हा गोळा करू शकेल, असा इशारा येतो. मधे बसणारा तोच आहे, फक्त आता त्याला बाहेरची वाट सापडलेली आहे.

सही म्हणजे सचोटी नव्हे

ती वाट ब्राउझरने आणली. १९९६ मध्ये मायक्रोसॉफ्टने अ‍ॅक्टिव्हएक्स काढलं. वेबपानातून कोडाचा तुकडा उतरवायचा आणि तो थेट आपल्या संगणकावर चालवायचा. सुरक्षेसाठी भिंत नव्हती, डिजिटल सही होती. हा तुकडा कुणी लिहिला ते तुम्हाला दिसेल, पटलं तर चालवा.

त्याच वर्षी फ्रेड मॅकलेन नावाच्या प्रोग्रॅमरने ‘एक्सप्लोडर’ नावाचा तुकडा लिहिला. तो उतरवला की विंडोज ९५ चा संगणक रीतसर बंद व्हायचा. बाकी काही नुकसान नाही. गंमत अशी की मॅकलेनने त्यावर नियमाप्रमाणे व्हेरिसाइनची सही घेतली होती. सगळं कायदेशीर, नाव-गाव ठाऊक, आणि तरी संगणक बंद. पुढे त्याचं प्रमाणपत्र रद्द करण्यात आलं, पण मुद्दा सिद्ध झाला होता. सही माणूस कोण हे सांगते, तो आत येऊन काय करणार हे सांगत नाही. आज प्लगिनच्या नावापुढे ओळख पटल्याची खूण दिसली की आपण निर्धास्त होतो. तेव्हा मॅकलेनची आठवण ठेवायला हरकत नाही.

पेरूमधले आराखडे

२०१२ च्या जूनमध्ये ईसेट या स्लोवाकियाच्या अँटीव्हायरस कंपनीने एका विचित्र किड्याची माहिती उघड केली. त्याचं नाव ठेवलं होतं मेडर. तो बँकेचे पासवर्ड शोधत नव्हता. तो ऑटोकॅडचे आराखडे चोरत होता.

लिहिलेला होता ऑटोलिस्पमध्येच, आणि शिरत होता त्या जुन्या सोयीतून. आराखड्यांचं फोल्डर कुणीतरी झिप करून पाठवायचं. त्यात आराखड्याशेजारी ती ठरावीक नावाची छोटी फाईल असायची. घेणाऱ्याने आराखडा उघडला की ती फाईल चालायची, आपल्या प्रती आणखी फोल्डरांमध्ये ठेवायची आणि उघडलेला आराखडा ईमेलने चीनमधल्या पत्त्यांवर पाठवून द्यायची. समोरच्याला पडद्यावर फक्त त्याचं काम दिसायचं. हजारो आराखडे असे बाहेर गेले.

हा प्रकार सगळ्यात जास्त दिसला पेरूमध्ये. ईसेटचा अंदाज असा होता की तिथल्या एका संस्थेशी धंदा करू पाहणाऱ्या कंपन्यांना एक ठरावीक टेम्प्लेट वापरावं लागत होतं आणि रोग त्यातूनच पसरला. मला या सगळ्या इतिहासातला हा तपशील सर्वांत बोलका वाटतो. यातल्या कुणी अनोळखी संकेतस्थळावर जाऊन भलतंसलतं उतरवलं नव्हतं. त्यांनी कामाचा भाग म्हणून, कामातल्याच माणसाकडून आलेलं फोल्डर उघडलं होतं. सहकार्य हाच रस्ता होता. जितकी माणसं एकमेकांशी नीट काम करत होती, तितका तो किडा नीट पसरत होता.

पुढचं काम ईसेटने चिनी कंपन्या आणि तिथल्या सरकारी यंत्रणेच्या मदतीने केलं, ती ईमेल खाती बंद झाली. ऑटोडेस्कने त्यानंतरच्या आवृत्त्यांमध्ये कोड कुठून चालू द्यायचा याची विश्वासाची ठिकाणं ठरवण्याची सोय दिली, आणि तिच्याबाहेरचं काही चालू लागलं की विचारायला सुरुवात केली. १९८६ पासून न विचारता चालणाऱ्या कोडाला पहिल्यांदा कुणीतरी दारात ‘कोण?’ म्हणून विचारलं, ते इतक्या उशिरा.

आराखड्यांवर डोळा ठेवणारे संपले नव्हतेच. २०२० च्या ऑगस्टमध्ये बिटडिफेंडरने एका आंतरराष्ट्रीय वास्तुरचना आणि चित्रफीत निर्मिती कंपनीवरच्या हेरगिरीचा अहवाल दिला. आलिशान बांधकाम प्रकल्पांवर काम करणारी ही कंपनी थ्रीडीएस मॅक्स वापरायची, आणि हल्लेखोर आत आले ते याच सॉफ्टवेअरच्या प्लगिनचं सोंग घेऊन. हे भाड्याने हेरगिरी करणाऱ्या टोळीचं काम असावं, असं बिटडिफेंडरचं म्हणणं होतं. डिझाइनची फाईल चोरण्यासारखी असते यावर कुणाचा विश्वास बसत नसेल, तर ती चोरण्यासाठी पैसे मोजणारे आहेत एवढं पुरे.

कुंपणाचे तीन प्रयत्न

मधल्या काळात डिझाइनरांच्या मॅकवर स्केच आलं होतं, २०१० मध्ये. त्याचे प्लगिन्स अफाट होते, कारण त्यांना स्केचच्या अगदी आतल्या, कुठेही अधिकृतपणे न लिहिलेल्या यंत्रणेलाही हात घालता यायचा. सगळ्या गावाला घराच्या वायरिंगपर्यंत जाऊ दिल्यासारखं. त्यामुळे स्केचची नवी आवृत्ती आली की प्लगिन्स मोडायचे, डिझाइनर वैतागायचे, प्लगिन लिहिणारे रात्र जागून दुरुस्त्या करायचे. पुढे स्केचने अधिकृत रस्ता बांधला, पण सवयी तोवर लागून गेल्या होत्या.

फिग्मासमोर हे सगळं होतं, आणि त्याहून अवघड एक गोष्ट होती. फिग्मा ब्राउझरमध्ये चालतं. तिथे बाहेरचा कोड मोकळा सोडला तर तो लॉगिन केलेल्या माणसाच्या नावाने काहीही करू शकला असता, उघड्या फाईलपलीकडच्या फायलींनाही हात घातला असता. त्यामुळे कुंपण हवंच होतं. चेन यांच्या लेखात त्याचे तीन प्रयत्न सविस्तर आले आहेत, आणि ते वाचण्यासारखे आहेत, कारण सुरक्षितता आणि सोय यांची ओढाताण त्यात उघडी दिसते.

पहिला प्रयत्न आयफ्रेमचा. ब्राउझरमध्ये पानाच्या आत दुसरं पान बसवता येतं आणि दोघांमध्ये भक्कम भिंत असते. भिंत उत्तम, पण पलीकडच्याशी बोलायचं तर चिठ्ठ्या पाठवायच्या आणि उत्तराची वाट पाहायची. मोठ्या फाईलची नक्कल करून भिंतीपलीकडे द्यायची तर त्यातच सेकंदामागून सेकंद जायचे. शिवाय प्लगिन लिहिणाऱ्यांत पहिल्यांदाच कोड लिहिणारे डिझाइनरही असणार होते. प्रत्येक ओळीत ‘थांब, उत्तर येऊ दे’ म्हणणं त्यांना जड गेलं असतं.

दुसरा प्रयत्न घरातलं घर. जावास्क्रिप्ट चालवणारं एक छोटं इंजिनच वेबअसेंब्लीमध्ये बांधायचं आणि प्लगिन त्याच्या आत चालवायचं. आतल्याला बाहेरचं जग ठाऊकच नाही, हाती देऊ तेवढंच त्याचं. त्यासाठी त्यांनी ड्यूकटेप नावाचं इंजिन घेतलं. चाललं, पण ते हळू होतं, जुनी जावास्क्रिप्ट समजायचं, आणि काही बिघडलं तर ब्राउझरची नेहमीची हत्यारं वापरून शोधता येत नव्हतं.

म्हणून तिसरा प्रयत्न, रिअल्म्स नावाच्या तंत्राचा. ब्राउझरचंच वेगवान इंजिन वापरायचं, पण प्लगिनला अशा खोलीत ठेवायचं जिथून बाहेरच्या वस्तू दिसत नाहीत. वेगही मिळाला, सोयही मिळाली. याच पायावर १ ऑगस्टला दार उघडलं.

आणि काही आठवड्यांतच या रिअल्म्सच्या भिंतीत भोकं सापडली. आतल्या कोडाला एखादी बाहेरची वस्तू हाती लागली की तिच्यामागे धागा धरून थेट बाहेर पडता येत होतं. शोधणाऱ्यांनी आधी खासगीत कळवलं, जाहीर नंतर झालं. फिग्माने तिसरा प्रयत्न गुंडाळला आणि दुसऱ्याकडे परतलं, घरातल्या घराकडे. फरक इतकाच की ड्यूकटेपच्या जागी आता क्विकजेएस होतं. फाब्रिस बेलार्ड आणि चार्ली गॉर्डन यांचं हे इंजिन त्याच वर्षीच्या जुलैमध्ये, म्हणजे फिग्माच्या प्लगिन्सच्या जेमतेम महिनाभर आधी, जगासमोर आलं होतं. योग्य वस्तू योग्य वेळी मिळणं यालाही इतिहासात जागा असते.

या प्रकरणात मला आवडलेली गोष्ट म्हणजे कंपनीने चेन यांचा जुना लेख मिटवला नाही. बदल काय केला आणि का केला, हे सांगितलं. सुरक्षेच्या बाबतीत कुणावर भरवसा ठेवायचा असेल तर त्याने चूक कशी हाताळली हे आधी पाहावं, जाहिरात मागाहून.

कुंपण कुणासाठी

आता मूळ मुद्दा. हे कुंपण फिग्माला, तुमच्या संगणकाला आणि तुमच्या इतर फायलींना वाचवतं. उघड्या फाईलला वाचवत नाही. वाचवूही शकत नाही, कारण थरांची नावं बदलणाऱ्या प्लगिनला थरांची नावं वाचावीच लागतात. भाषांतर करणाऱ्याला सगळा मजकूर लागतो. कामच ते आहे.

फिग्माचं प्लगिन दोन भागांत राहतं. एक भाग कुंपणाच्या आत, जो फाईल वाचतो. दुसरा भाग आयफ्रेममधला, जो तुम्हाला बटणं दाखवतो आणि इंटरनेटशी बोलू शकतो. दोघं एकमेकांना चिठ्ठ्या देतात. आतल्याने मजकूर वाचला, बाहेरच्याला दिला, त्याने कुठल्याशा सर्व्हरला पाठवला. भिंत कुठेही फुटली नाही, सगळं नियमात झालं. सुरुवातीची काही वर्षं तो सर्व्हर कुठला हे तुम्हाला कळण्याची सोयही नव्हती. २०२३ मध्ये प्लगिनच्या मॅनिफेस्टमध्ये, म्हणजे त्याच्या ओळखपत्रात, नेटवर्कचा रकाना आला. प्लगिन कुठल्या पत्त्यांशी बोलणार ते लेखकाने आधी लिहायचं, बाकीच्या पत्त्यांची वाट बंद. कुणाशीच बोलणार नाही असंही लिहिता येतं. नुसती फुली, म्हणजे ‘*’ टाकली की सगळं जग मोकळं, पण मग कारण द्यावं लागतं. ज्यांनी रकाना भरलाच नाही त्यांनाही जग मोकळंच आहे. प्लगिनच्या पानावर ही माहिती दिसते. किती जण वाचतात हा वेगळा प्रश्न. बटणाचा रंग बदलायला आलेल्या प्लगिनला अख्खं इंटरनेट कशाला लागतं, एवढं विचारलं तरी बरीच गाळणी होते.

दुसरी फट काळाची आहे. प्लगिन पहिल्यांदा प्रसिद्ध होताना फिग्मा तपासतं. त्याच्या पुढच्या सुधारित आवृत्त्या मात्र थेट लोकांपर्यंत जातात. तुम्ही मार्चमध्ये ज्याला घरात घेतलं, तो सप्टेंबरमध्ये तोच असेल असं नाही.

हे कसं घडतं ते ब्राउझरच्या एक्स्टेन्शन्सनी दाखवून दिलंय. तंत्रज्ञानावर लिहिणारे अमित अगरवाल यांनी एका तासात ‘अ‍ॅड टू फीडली’ नावाचं क्रोमचं छोटं एक्स्टेन्शन लिहिलं होतं. तीस हजारांवर लोक ते वापरू लागले. कुणीतरी चांगली किंमत देऊ केली, त्यांनी विकलं. महिन्याभरात नव्या मालकाने सुधारित आवृत्ती काढली आणि वापरणाऱ्यांच्या पानांमध्ये जाहिराती घुसू लागल्या. २०१४ च्या जानेवारीत अगरवाल यांनीच हे लिहून जाहीर केलं आणि विकल्याचा पश्चात्तापही बोलून दाखवला. पुढे ‘द ग्रेट सस्पेंडर’चं तेच झालं. वीस लाखांवर लोकांच्या ब्राउझरमध्ये असलेलं हे एक्स्टेन्शन २०२० मध्ये नव्या हातात गेलं आणि २०२१ च्या फेब्रुवारीत गुगलने ते घातक म्हणून बंद केलं. वापरणाऱ्यांनी काहीच केलं नव्हतं. चिन्ह तेच, नाव तेच, घरमालक बदलला होता.

लेखकाला दोष देऊन हे सुटत नाही. फुकट प्लगिन लिहिणारा माणूस वर्षानुवर्षं तक्रारींची उत्तरं देतो आणि पदरात काही पडत नाही. एके दिवशी पैसे घेऊन कुणी आलं तर त्याने काय करावं? आपण प्लगिन निवडताना तारे आणि आकडे पाहतो. ते टिकवून ठेवणाऱ्याचं पोट कशावर चालतं हे पाहत नाही. पैसे घेणारं प्लगिन मला या कारणाने थोडं जास्त विश्वासाचं वाटतं. मत माझं आहे, नियम म्हणून घेऊ नका.

मोठ्या कंपन्यांत यावर उपाय असतो. फिग्माच्या मोठ्या योजनांमध्ये प्रशासकाला मंजूर प्लगिन्सची यादी करता येते, यादीबाहेरचं चालत नाही. नाशिकमधल्या सहा जणांच्या स्टुडिओकडे ती योजना नसते. तिथे यादी एखाद्या सामायिक कागदावरच करावी लागते आणि ती पाळणं एकमेकांच्या शब्दावर असतं. पण उपयोगी पडेल अशी एक साधी युक्ती त्यांनाही जमते. प्लगिन उघडी असलेली फाईल वाचतं. मग प्लगिन चालवायचं ती फाईलच छोटी ठेवावी. हव्या तेवढ्या चौकटी कोऱ्या ड्राफ्टमध्ये चिकटवा, तिथे प्लगिन चालवा, निष्पन्न परत मूळ फाईलमध्ये आणा. दोन मिनिटं जास्त जातात, पण क्लायंटच्या बाकीच्या ऐंशी स्क्रीनना त्या पाहुण्याचं दर्शन घडत नाही.

त्या ऐंशी स्क्रीनमध्ये काय असतं हेही पाहायला हवं. स्क्रीन खरे वाटावेत म्हणून क्लायंटने दिलेल्या एक्सेलमधली खरी नावं, खरे मोबाइल नंबर चौकटींमध्ये भरणारे स्टुडिओ आहेत. डिझाइनची फाईल तिथे ग्राहकांची वही होते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानंतर ही गोष्ट नुसती अजागळपणाची राहिलेली नाही. खोटी नावं भरणारी प्लगिन्स यासाठीच असतात, तीही इंटरनेट न मागणारी निवडता येतात.

काही प्लगिन्स तुमच्याकडे टोकन मागतात, दुसऱ्या सेवेला जोडण्यासाठी. टोकन म्हणजे तुमच्या नावाची किल्ली. ती देताना मुदत आणि अधिकार दोन्ही कमीत कमी ठेवता येतात, बहुतेक सेवा तसं विचारतात, आणि आपण घाईत सगळ्यावर टिचकी मारून मोकळे होतो. ‘अजून प्रसिद्ध झालेलं नाही, पण भारी आहे’ म्हणून कुणी ग्रुपवर झिप पाठवलं, ते डेस्कटॉप अ‍ॅपमध्ये मॅनिफेस्ट उघडून बसवलं, तर पहिली तपासणीही टळते. पेरूतलं फोल्डरही असंच आलं होतं, ओळखीच्या माणसाकडून.

टीममध्ये याची आणखी एक बाजू आहे. प्लगिनने चारशे थर बदलले तर आवृत्त्यांच्या इतिहासात नाव दिसतं तुमचं. सकाळी क्लायंट विचारतो, हे कुणी केलं, तेव्हा प्लगिन हजर नसतं. म्हणून मोठं काही चालवण्याआधी आवृत्तीला नाव देऊन ठेवणं आणि टीमच्या ग्रुपवर ‘अमुक चालवतोय’ एवढं टाकणं, हे शिष्टाचाराचं आहे तितकंच स्वतःच्या बचावाचंही.

आता हे सगळं पुन्हा बदलतंय. गेल्या दोनेक वर्षांत डिझाइनची फाईल थेट एआयच्या हाती देऊन कोड लिहून घेण्याची टूम निघाली आहे. त्यासाठी फाईल आणि एआय यांच्या मधे एमसीपी सर्व्हर नावाचा दुभाषा लागतो. फिग्मासाठी फ्रेमलिंक नावाचा असा एक बाहेरचा दुभाषा फार लोकप्रिय झाला. २०२५ मध्ये त्यात एक भगदाड सापडलं. विशिष्ट तऱ्हेने रचलेला मजकूर त्याला दिला तर तो चालवणाऱ्याच्या संगणकावर हवी ती आज्ञा सोडता येत होती. नव्या आवृत्तीत ते बुजवण्यात आलं. पण हा दुभाषा क्विकजेएसच्या घरातल्या घरात राहत नाही. तो तुमच्या संगणकावर, तुमच्या नावाने चालतो, जसं १९९० मध्ये फोटोशॉपच्या शेजारी प्लगिन चालायचं. एका हातात फिग्माचं टोकन असतं, समोर संगणकावरचे बाकीचे सगळे फोल्डर, आणि इंटरनेट चालू.